जुन्या संगणकावर चार ऑपरेटिंग सिस्टिम : कोणाचे काय, हे आधी ठरवावे

माझ्या टेबलावरच्या संगणकात इंटेलचा कोअर २ ड्युओ ई७५०० हा प्रोसेसर आहे. २००९ च्या सुरुवातीला बाजारात आलेली ही २.९३ गिगाहर्ट्झची चिप, जी४१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम आणि मूळच्या हार्ड डिस्कच्या जागी बसवलेली २४० जीबीची एसएसडी, एवढ्या सामग्रीवर विंडोज एक्सपी, विंडोज ७, हायकू आणि डेबियन लिनक्स अशा चार ऑपरेटिंग सिस्टिम सुखाने नांदत आहेत. अशी मांडणी करू इच्छिणारे लोक बहुधा 'आधी कोणती टाकावी आणि नंतर कोणती' एवढेच विचारतात. क्रमाला महत्त्व आहेच, परंतु माझ्या मते खरा प्रश्न मालकीचा आहे. डिस्कचा पहिला सेक्टर कोणाच्या ताब्यात राहील, घड्याळ कोण लावील, स्वॅप (रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) कोणाची आणि कामाच्या फायली कोणाच्या घरात राहतील, हे पहिली सीडी घालण्यापूर्वी कागदावर लिहून काढले, तर पुढे वर्षानुवर्षे काही बिघडत नाही. हे न ठरवता टाकलेल्या दोन सिस्टिमसुद्धा एकमेकींच्या पायात पाय घालतात.

चार सिस्टिम कशाला, हे सांगणे भाग आहे, कारण केवळ हौसेसाठी एकामागून एक सिस्टिम टाकत जाण्याच्या मी विरुद्ध आहे. जुन्या यंत्रावर जागा पाळणाऱ्या प्रत्येक सिस्टिमकडे दुसरीला न जमणारे एखादे काम असले पाहिजे. एक्सपीकडे असे काम आहे आणि ते मराठीचे आहे. युनिकोड ही अक्षरे साठवण्याची सामाईक प्रमाणित पद्धत रुळण्यापूर्वी आपल्याकडची पुस्तके, दिवाळी अंक, स्मरणिका आणि लग्नपत्रिका पेजमेकर या पाने जुळवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, श्रीलिपी, आकृती किंवा सी-डॅकच्या आयएसएमसारख्या सॉफ्टवेअरच्या फॉन्टांत जुळवल्या जात. त्या फॉन्टांत देवनागरीच्या आकारांचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत, त्यामुळे तो विशिष्ट फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की रोमन अक्षरांचा निरर्थक काला दिसतो. माझ्याकडे अशा मजकुराचा मोठा साठा आहे आणि तो युनिकोडमध्ये आणण्याचे काम मी सवडीने करतो.

हे काम निव्वळ कन्व्हर्टरवर सोपवता येत नाही, याचे कारण त्या फॉन्टांच्या रचनेतच आहे. जुन्या फॉन्टांत अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, तर युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात. 'कविता' या शब्दातील ऱ्हस्व वेलांटी जुन्या फाइलमध्ये 'व'च्या आधी असते, युनिकोडमध्ये 'व'च्या नंतर. 'धर्म' या शब्दातील रफार जुन्या फाइलमध्ये 'म'च्या नंतर येतो, तर युनिकोडमध्ये 'र' आणि हलन्त ही जोडी 'म'च्या आधी लागते. कन्व्हर्टर हे बहुतेक ठिकाणी अचूक करतो, परंतु रफार आणि वेलांटी एकाच जोडाक्षरावर आली, किंवा अंक जुळवणाऱ्याने जागा साधण्यासाठी एखादा तुकडा हाताने सरकवला असला, की तो चुकतो. लिबरऑफिस ४.४ या आवृत्तीपासून पेजमेकरच्या फायली उघडते, आणि ती सोय फार मोलाची आहे, पण मूळ पान कसे दिसत होते याची खात्री मूळ सॉफ्टवेअरमध्येच होते. म्हणून एक्सपीमध्ये पान उघडून त्याची पीडीएफ करायची, ती डिस्कच्या सामाईक भागावर (पार्टिशनवर) ठेवायची आणि डेबियनमध्ये रूपांतरित मजकुराच्या शेजारी उघडून ओळ न् ओळ ताडून पाहायची, अशी माझी पद्धत आहे.

यावर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एका सिस्टिमच्या आत दुसरी चालवणे, हा उपाय सुचवला जातो, आणि आजच्या १६ जीबी रॅमच्या यंत्रावर मीही तोच सुचवीन. येथे तो दोन कारणांनी बसत नाही. ४ जीबी रॅममध्ये यजमान सिस्टिम, तिचा ब्राउझर आणि आतली पाहुणी सिस्टिम यांची वाटणी केली, की कोणाचेच पोट भरत नाही. शिवाय कोअर २ ड्युओच्या या मालिकेतील काही चिप्समध्ये व्हर्च्युअलायझेशनची हार्डवेअर सोय नसे. दुसरे कारण अधिक ठाम आहे. माझ्याकडच्या फॉन्ट सॉफ्टवेअरला परवाना तपासणारे डोंगल नावाचे छोटे उपकरण लागते आणि ते प्रिंटरच्या जुन्या पॅरलल पोर्टवर बसते. असले डोंगल व्हर्च्युअल मशीनच्या आतपर्यंत पोचवणे भरवशाचे नसते. एका वेळी एकच सिस्टिम बूट केली, की तिला पूर्ण रॅम, दोन्ही कोअर आणि सगळी पोर्टे विनावाटा मिळतात. जुन्या यंत्राच्या बाबतीत मल्टिबूटचा मोठा फायदा मला हाच वाटतो.

उरलेल्या तिघींची ओळख थोडक्यात करून देतो. विंडोज ७ माझ्या सपाट स्कॅनरसाठी आहे, कारण त्याच्या निर्मात्याने त्यापुढच्या विंडोजसाठी ड्रायव्हर काढलाच नाही. हायकू ही बीओएस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या धर्तीवर २००१ पासून घडत असलेली मुक्त सिस्टिम आहे, तिची पाचवी बीटा आवृत्ती सप्टेंबर २०२४ मध्ये आली आणि अशा जुन्या यंत्रावरही ती पाहता पाहता सुरू होते. तिच्यावर मी आराखडे आणि टिपणे लिहितो. डेबियन ही रोजच्या वापराची सिस्टिम आहे, आणि या चौघींपैकी इंटरनेटला जोडलेली तीच एकटी आहे.

आता वाटणीकडे वळू. हे यंत्र यूईएफआय या नव्या पद्धतीच्या आधीचे आहे, त्यात साधा बायॉस (संगणक सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) आहे. बायॉस सुरू होताना डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे मास्टर बूट रेकॉर्ड, मेमरीत आणतो आणि त्यातला कोड चालवतो. तो सेक्टर अवघा ५१२ बाइटांचा असतो. त्यातील ४४६ बाइट बूट कोडसाठी, ६४ बाइट पार्टिशन टेबलसाठी आणि शेवटचे २ बाइट 'हा सेक्टर बूट करण्यायोग्य आहे' अशा खुणेसाठी राखलेले असतात. पार्टिशन टेबल हा डिस्कचा सातबारा आहे. त्यात प्रत्येकी १६ बाइटांच्या चारच नोंदी मावतात, आणि म्हणूनच चार प्रायमरी पार्टिशनांची मर्यादा येते. त्यापेक्षा अधिक हवी असतील तर चारपैकी एक नोंद एक्स्टेंडेड पार्टिशनला द्यायची आणि तिच्या पोटात लॉजिकल पार्टिशने करायची. ही लॉजिकल पार्टिशने साखळीने जोडलेली असतात. प्रत्येकाच्या अलीकडे एक छोटी नोंद असते आणि ती पुढच्याचा पत्ता सांगते. साखळीतील एक कडी निखळली, की तिच्यानंतरची सगळी पार्टिशने दिसेनाशी होतात, जरी त्यांतील मजकूर डिस्कवर शाबूत असला तरी. जीपीटी या पार्टिशन टेबलच्या नव्या पद्धतीत ही अडचण नाही, परंतु ३२ बिटी एक्सपीला जीपीटी कळत नाही आणि बायॉसवर विंडोज ७ जीपीटी डिस्कवरून बूट होत नाही, त्यामुळे येथे जुनाच सातबारा चालवावा लागतो.

माझी वाटणी अशी आहे : पहिले प्रायमरी २० जीबीचे, एक्सपीसाठी, दुसरे ४५ जीबीचे, विंडोज ७ साठी, तिसरे १० जीबीचे, हायकूसाठी, आणि चौथी नोंद एक्स्टेंडेड, जिच्यात डेबियनचे ३० जीबी, चाचणीसाठी रिकामे ठेवलेले २५ जीबी, स्वॅपचे ४ जीबी आणि उरलेली सगळी जागा सामाईक फायलींसाठी. लिनक्सला लॉजिकल पार्टिशनवरून बूट होण्यात काहीच अडचण नसते, म्हणून प्रायमरी जागा तिच्यावर खर्च करू नयेत.

ही सर्व पार्टिशने मी कोणत्याही विंडोजच्या इन्स्टॉलरला करू दिली नाहीत. लाइव्ह पेनड्राइव्हवरून जीपार्टेड हा पार्टिशने आखण्याचा प्रोग्रॅम चालवून ती आधीच आखून घेतली, आणि त्याला सबळ कारणे आहेत. एक्सपीचा इन्स्टॉलर कोऱ्या डिस्कवर पहिले पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू करतो. फिरत्या तबकडीच्या डिस्कसाठी ती रीत ठीक होती, पण एसएसडीत आतले वाचन-लेखन ४ केबी किंवा त्याहून मोठ्या तुकड्यांत होते आणि ६३ ही संख्या त्या तुकड्यांच्या सीमेवर बसत नाही. एका तुकड्याऐवजी दोन तुकड्यांना हात लागतो, काम हळू होते आणि एसएसडीची झीजही वाढते. जीपार्टेड २०४८ व्या सेक्टरपासून, म्हणजे बरोबर १ एमबीच्या सीमेपासून सुरुवात करते, आणि तयार पार्टिशन मिळाले की एक्सपी मुकाट्याने त्यात बसते. विंडोज ७ च्या इन्स्टॉलरला मोकळी जागा दाखवली, तर तो स्वतःसाठी १०० एमबीचे वेगळे प्रायमरी पार्टिशन करतो आणि चारांतली एक मौल्यवान नोंद खातो. तयार पार्टिशन दिले की तोही तसे करत नाही. याउलट, अशी १ एमबीच्या सीमेवर आखलेली लॉजिकल पार्टिशने असताना एक्सपीच्या डिस्क मॅनेजमेंटमधून काहीही जोडू किंवा पुसू नये. तिला ही आखणी समजत नाही आणि वर सांगितलेली साखळी तिच्या हातून तुटू शकते.

जुन्या यंत्राचा एक लाभ येथे आवर्जून नोंदवावासा वाटतो. एक्सपीच्या मूळ सीडीत एएचसीआय या डिस्कशी बोलण्याच्या नव्या पद्धतीचा ड्रायव्हर नाही, म्हणून थोड्या नव्या यंत्रांवर तिला डिस्कच सापडत नाही किंवा निळा पडदा येतो, आणि मग फ्लॉपीवरून ड्रायव्हर भरवण्याचा खटाटोप करावा लागतो. जी४१ सोबत येणाऱ्या आयसीएच७ या चिपमध्ये एएचसीआय मुळातच नाही, डिस्क जुन्या आयडीई पद्धतीनेच दिसते, आणि एक्सपी पहिल्या फटक्यात बसते. एसएसडीचा कमाल वेग त्यामुळे मिळत नाही हे खरे, पण तबकडीच्या डिस्कशी तुलना करता यंत्रात पडलेला फरक तरीही विलक्षण आहे. जुन्या संगणकावर पैसे खर्च करायचे झाले तर ते सर्वांत आधी एसएसडीवर करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन विंडोज शेजारी ठेवताना सर्वांत जास्त काळजी घ्यावी लागते. एक्सपीनंतर विंडोज ७ सरळसोट टाकली, तर ती आपल्या बूट फायली स्वतःच्या पार्टिशनवर न ठेवता 'ॲक्टिव्ह' अशी खूण असलेल्या पार्टिशनवर, म्हणजे एक्सपीच्या घरात ठेवते. वरवर सगळे ठीक चालते, परंतु पुढे कधी एक्सपीचे पार्टिशन फॉरमॅट केले की विंडोज ७ सुरू होईनाशी होते. दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. विंडोज ७ ने रिस्टोअर पॉइंट म्हणून जपलेल्या प्रती एक्सपीला ओळखता येत नाहीत, आणि एक्सपी बूट होऊन तिने ते पार्टिशन उघडले की त्या प्रती नष्ट होतात. कोणतीही सूचना येत नाही. गरज पडेल त्या दिवशी रिस्टोअर पॉइंटची यादी रिकामी दिसते, एवढेच.

दोन्हींवर उपाय एकच, तो म्हणजे एकीला दुसरी दिसूच न देणे. पार्टिशन टेबलमधील प्रत्येक नोंदीत एक बाइट पार्टिशनचा प्रकार सांगतो. एनटीएफएस या विंडोजच्या फाइल रचनेसाठी तो ०७ असतो, आणि तो १७ केला की विंडोज त्या पार्टिशनला लपवलेले समजते व त्याला ड्राइव्हचे अक्षर देत नाही. एक्सपी टाकून झाल्यावर मी तिचे पार्टिशन असे लपवले, दुसऱ्यावर ॲक्टिव्हची खूण केली आणि मग विंडोज ७ टाकली. त्यामुळे प्रत्येकीच्या बूट फायली तिच्या स्वतःच्या घरात राहिल्या आणि प्रत्येक जण स्वतःला 'सी' ड्राइव्ह म्हणवते. रोजच्या वापरात ही लपवालपवी ग्रब, म्हणजे सिस्टिम निवडण्याचा मेनू दाखवणारा लिनक्सचा बूट प्रोग्रॅम, करतो. त्याच्या मेनूतील एक्सपीच्या नोंदीत विंडोज ७ चे पार्टिशन लपव, एक्सपीचे उघड, त्यावर ॲक्टिव्हची खूण कर आणि मग त्याच्या बूट सेक्टरकडे ताबा दे, अशा ओळी लिहिलेल्या आहेत, तर विंडोज ७ च्या नोंदीत याच्या उलट. एका बाइटाच्या फरकाने दोन सिस्टिमचा संसार वेगळा होतो, हे मला आजही फार सुंदर वाटते.

डिस्कच्या पहिल्या सेक्टरची मालकी माझ्याकडे डेबियनच्या ग्रबला दिलेली आहे. कोणतीही विंडोज टाकताना त्या सेक्टरातला बूट कोड न विचारता बदलते, म्हणून विंडोज आधी आणि लिनक्स शेवटी, हा सर्वपरिचित क्रम बरोबरच आहे. ४४६ बाइटांत संपूर्ण ग्रब मावणे शक्य नाही, म्हणून तिथे त्याचा अगदी छोटा भाग असतो, दुसरा मोठा भाग पहिल्या पार्टिशनच्या अलीकडच्या मोकळ्या जागेत असतो आणि मेनूची फाइल डेबियनच्या पार्टिशनवर. ६३ व्या सेक्टरच्या जुन्या आखणीत ही मोकळी जागा जेमतेम ३१ केबी असे, २०४८ च्या आखणीत ती जवळजवळ १ एमबी मिळते. काही जुनी व्यावसायिक सॉफ्टवेअर आपल्या परवान्याची खूण याच जागेत लिहून ठेवतात आणि तेवढ्याने ग्रब बिघडू शकतो, तेव्हा अशा सॉफ्टवेअरची पहिली ॲक्टिव्हेशन ग्रब टाकण्यापूर्वीच उरकून घ्यावी.

इतर सिस्टिम शोधून मेनूत घालण्याचे काम ओएस-प्रोबर हा प्रोग्रॅम करतो. ग्रबच्या २.०६ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, सुरक्षिततेच्या कारणास्तव तो मुळात बंद ठेवलेला असतो, आणि अपग्रेडनंतर 'माझी विंडोज मेनूतून गेली' अशी जी तक्रार ऐकू येते तिचे कारण बहुधा हेच असते. ग्रबच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये एक ओळ लिहून तो पुन्हा सुरू करता येतो. मी तो बंदच ठेवला आहे. माझ्या नोंदींमध्ये लपवण्याच्या ओळी आहेत, त्या ओएस-प्रोबर लिहू शकत नाही, म्हणून सर्व नोंदी मी स्वतः लिहिलेल्या आहेत आणि त्या अपग्रेडमध्ये जशाच्या तशा टिकतात.

चाचणीच्या पार्टिशनवर दुसरी लिनक्स टाकताना तिच्या ग्रबला पहिल्या सेक्टरला हात लावू देऊ नये, कारण मग मेनूची मालकी त्या तात्पुरत्या पाहुणीकडे जाते आणि ते पार्टिशन पुसले की संगणक ग्रबच्या कोऱ्या प्रॉम्प्टवर अडकतो. तिचा मेनू तिच्याच पार्टिशनवर तयार होऊ द्यावा आणि मुख्य ग्रबमध्ये 'त्या पार्टिशनवरची मेनूची फाइल वाच' अशी एकच नोंद ठेवावी. तिचा कर्नल (सिस्टिमचा गाभा) कितीदाही बदलला तरी मुख्य मेनूत काही दुरुस्त करावे लागत नाही.

घड्याळाचा घोळ तर भारतीय वाचकाला चटकन ओळखता येईल असा असतो, कारण तो नेमका साडेपाच तासांचा असतो. मदरबोर्डवरच्या घड्याळात स्थानिक वेळ असते असे विंडोज धरून चालते, तर लिनक्स त्यात जागतिक प्रमाणवेळ ठेवते. लिनक्सने घड्याळ लावले आणि नंतर विंडोज सुरू केली की ती साडेपाच तास मागे असते. विंडोजने लावले आणि लिनक्स सुरू केली की ती साडेपाच तास पुढे. लिनक्सचे जाणकार मदरबोर्डवर स्थानिक वेळ ठेवू नये असे सांगतात, आणि ज्या देशांत उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे करतात तिथे ते योग्यच आहे, कारण तिथे प्रत्येक सिस्टिम आपापल्या परीने तो तास बदलू पाहते. भारतात ही प्रथा नाही. येथे डेबियनला एका आज्ञेने स्थानिक वेळ पाळायला सांगणे पूर्णपणे निर्धोक आहे, शिवाय जागतिक वेळ पाळण्याची एक्सपीची सोय भरवशाची नाही, म्हणून मी घड्याळाची मालकी विंडोजच्या रीतीकडे दिली.

सामाईक फायलींचे पार्टिशन एनटीएफएसचे आहे, कारण ते दोन्ही विंडोजना आणि डेबियनला वाचता-लिहिता येते, आणि फॅट३२ या जुन्या रचनेप्रमाणे एका फाइलला ४ जीबीची मर्यादा त्यात नाही. त्यातील नावे युनिकोडमध्ये साठवली जातात, त्यामुळे 'अंक_पान_१२' अशी मराठी नावे सगळीकडे शाबूत राहतात. एक्सपीत मात्र त्याआधी रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्समध्ये जाऊन जटिल लिप्यांच्या फायली सीडीवरून घालून घ्याव्या लागतात, अन्यथा चौकोन दिसतात. लिनक्सला नावात अपूर्णविराम किंवा प्रश्नचिन्ह चालते, विंडोजला चालत नाही, आणि असे नाव दिलेली फाइल विंडोजमध्ये दिसते पण उघडत नाही. ते पार्टिशन जोडताना 'विंडोजला चालणारीच नावे स्वीकार' असा पर्याय एनटीएफएस-३जी हा लिनक्सवरचा ड्रायव्हर देतो, तो अवश्य द्यावा. या पार्टिशनवर काही गडबड झाली तर तपासणीही विंडोजच्या चेकडिस्कनेच करावी, लिनक्सकडे एनटीएफएससाठी त्या तोडीचे साधन नाही.

या सामाईक जागेमुळे हायबरनेशनवर (चालू स्थिती डिस्कवर साठवून संगणक बंद करण्यावर) मात्र पूर्ण बंदी घालावी लागते. हायबरनेट झालेली विंडोज ते पार्टिशन आपल्यापाशी उघडे आहे असे समजून झोपलेली असते, आणि मधल्या काळात डेबियनने त्यात लिहिले तर जागी झाल्यावर ती जुन्या आठवणीच्या आधारे लिहू लागते, आणि फायली खराब होतात. विंडोज ८ आणि त्यापुढच्या आवृत्तींत फास्ट स्टार्टअप हे याच जातीचे काम मुळातच चालू असते, म्हणून ज्यांच्याकडे विंडोज १० आहे त्यांनी मल्टिबूट करण्यापूर्वी ते बंद करावे. स्वॅपबद्दल एवढेच सांगतो, की दोन लिनक्समध्ये ती सामाईक ठेवता येते, परंतु दुसरीचा इन्स्टॉलर ती नव्याने फॉरमॅट करतो, तिचा ओळख क्रमांक बदलतो आणि पहिली लिनक्स सुरू होताना जुन्या क्रमांकाची वाट पाहत ९० सेकंद थांबते. इन्स्टॉलरला त्या पार्टिशनसमोर 'वापरू नको' असे सांगावे आणि नंतर स्वॅपचे नाव हाताने लिहावे.

बॅकअपमध्ये फायलींबरोबर डिस्कची आखणीही हवी. पहिला सेक्टर मी एका फाइलमध्ये उतरवून ठेवला आहे, मात्र तो परत लिहिताना ५१२ ऐवजी पहिले ४४६ बाइटच लिहायचे असतात, नाहीतर मधल्या काळात बदललेल्या पार्टिशन टेबलवर जुने टेबल बसते. लॉजिकल पार्टिशनांची साखळी त्या सेक्टरात नसल्याने तिची यादी एसएफडिस्क या लिनक्सच्या प्रोग्रॅमने वेगळी काढून छापून ठेवावी. एक्सपीची संपूर्ण प्रतिमा क्लोनझिला या प्रोग्रॅमने बाहेरच्या डिस्कवर घेतली आहे, कारण ती सिस्टिम, ते फॉन्ट आणि ते डोंगल यांची मोट पुन्हा बांधणे दिवसेंदिवस कठीण होत जाणार आहे. मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरीही बदलून घ्यावी. ती संपली की तारीख मागे जाते आणि बूटचा क्रम विसरला जातो, आणि मागे गेलेल्या तारखेमुळे ब्राउझर प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाचे प्रमाणपत्र नाकारू लागतो. किरकोळ किमतीच्या बॅटरीपायी लोक सबंध सिस्टिम पुन्हा टाकत बसलेले मी पाहिले आहेत.

एक्सपीचा सुरक्षा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ रोजी आणि विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी संपला. या दोन्हींमध्ये नेटवर्क कार्ड डिव्हाइस मॅनेजरमधून बंद ठेवलेले आहे, आणि याबाबतीत कोणतीही सवलत घेऊ नये, अगदी 'पाच मिनिटांसाठी'सुद्धा नाही. विंडोज ७ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ होती, म्हणजे तिथे क्रोमच्या नव्या आवृत्त्या चालतही नाहीत. डेबियनमध्ये एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप आणि झेडरॅम (रॅममधील मजकूर दाबून जागा वाचवणारी सोय) वापरल्यास ४ जीबीत फायरफॉक्सच्या मोजक्या टॅब व्यवस्थित चालतात.

विंडोजच्या वाटेने हे यंत्र आता पुढे जाणार नाही. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती प्रोसेसरमध्ये एसएसई४.२ सोबत येणाऱ्या सूचना मागते. ई७५०० मध्ये एसएसई४.१ पर्यंतच्याच सूचना आहेत, त्यामुळे तपासणी चुकवण्याच्या कोणत्याही युक्तीने ती आवृत्ती येथे सुरू होऊ शकत नाही. लिनक्सच्या जगातही हेच वारे वाहत आहे. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या ९ व्या आवृत्तीने हीच अट घातली आणि तिच्यावर आधारलेल्या सिस्टिम या यंत्राला बंद झाल्या. डेबियनने मात्र ६४ बिटी प्रोसेसरांची मूळची किमान पातळी कायम ठेवली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२ बिटी यंत्रांसाठीचा इन्स्टॉलर काढून टाकला, परंतु कोअर २ ड्युओ ६४ बिटी असल्याने तिला त्याची झळ लागत नाही, आणि दीर्घ मुदतीच्या पाठिंब्यासह ही आवृत्ती २०३० पर्यंत चालेल. सध्या माझ्या मुख्य पार्टिशनवर डेबियन १२ आहे. १३ वी आवृत्ती चाचणीच्या २५ जीबीवर टाकली आहे, तिच्यावर मराठी टंकलेखन, छपाई आणि सामाईक पार्टिशन यांची तपासणी चालू आहे, आणि ती पूर्ण झाल्यावर मुख्य मेनूची मालकी तिच्याकडे देऊन १२ चे पार्टिशन मी पुढच्या चाचणीसाठी मोकळे करणार आहे.